दोघांपैकी एक : निवड की नाइलाज?

निवडणूक जवळ आली की आमच्या भागात एक प्रश्न हमखास कानावर पडतो. ‘यंदा कुणाला निवडून द्यायचं?’ असे कुणी विचारत नाही. ‘यंदा कुणाला पाडायचं?’ असे विचारतात. चहाच्या टपरीवर, जुम्याच्या नमाजनंतर मशिदीच्या पायऱ्यांवर, चाकणला जाणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये, सगळीकडे हाच प्रश्न. दोन्ही प्रश्नांचे उत्तर शेवटी एकाच बटणावर येते, म्हणून त्यांत फरक नाही असे वाटेल. पण फरक आहे, आणि तो लहान नाही. पहिला प्रश्न विचारणारा माणूस स्वतःला या घराचा मालक समजतो. दुसरा प्रश्न विचारणारा माणूस जीव वाचवायच्या खटपटीत असतो.

आम्हांला या लेखात या फरकाचा विचार करायचा आहे. दारात दोनच उमेदवार उभे आहेत. एकाला आपण नकोच आहोत. दुसऱ्याला हवे आहोत, पण मतापुरते. अशा वेळी दुसऱ्याला दिलेले मत ही निवड म्हणायची की नाइलाज? आणि नाइलाज म्हणायचा, तर त्या दुसऱ्याने पुढची पाच वर्षे जे केले किंवा करायचे टाळले, त्याचा हिशेब आपल्याही खात्यावर लिहिला जातो की नाही? द्विपक्ष पद्धती हा नागरिकशास्त्राच्या पुस्तकातला दोन गुणांचा प्रश्न आहे असे आमचे विद्यार्थी समजतात. आम्हांला तो नीतीचा प्रश्न वाटतो. पण नीतीकडे वळण्याआधी हे ‘दोनच’ कुठून आले ते पाहायला हवे.

दोन पक्षांची पद्धत पहिल्यांदा रुजली ती इंग्लंडमध्ये. १६७९ ते १६८१ या काळात तिथल्या पार्लमेंटपुढे एक प्रश्न होता. राजा दुसरा चार्ल्स याचा भाऊ जेम्स हा कॅथलिक होता, आणि देश बहुसंख्येने प्रॉटेस्टंट. या जेम्सला गादीवर बसू द्यायचे की नाही? बसू देऊ नये म्हणणाऱ्यांना विरोधकांनी ‘व्हिग’ म्हणून हिणवले, बसू द्यावे म्हणणाऱ्यांना ‘टोरी’ म्हणून. दोन्ही शब्द मुळात शिव्याच. एक स्कॉटलंडमधल्या बंडखोरांसाठीचा, दुसरा आयर्लंडमधल्या लुटारूंसाठीचा. एकमेकांना दिलेल्या शिव्या पुढे दोघांनीही नाव म्हणून मिरवल्या.

म्हणजे या पद्धतीच्या पाळण्यातच अल्पसंख्य धर्माच्या माणसाचा प्रश्न होता. जेम्स १६८५ मध्ये राजा झाला आणि १६८८ मध्ये त्याला गादी सोडून पळावे लागले. त्यानंतर दोन्ही गट आळीपाळीने सत्तेवर आले आणि गेले. पण १६७८ च्या कायद्याने कॅथलिकांना पार्लमेंटचे जे दार बंद झाले होते, ते उघडले थेट १८२९ मध्ये. दीडशे वर्षे! पक्ष दोन होते, चुरस होती, मोठमोठी भाषणे होती. आणि जो या दोघांच्याही बाहेर होता तो बाहेरच राहिला. शेवटी दार उघडले ते कसे? डॅनियल ओकॉनेल या आयरिश वकिलाने आणि त्याच्या साथीदारांनी १८२३ मध्ये संघटना काढली, गरीब कॅथलिकांकडून महिन्याला एक पेनी वर्गणी घेतली, गावोगाव माणसे जोडली. १८२८ मध्ये तो निवडणुकीला उभा राहिला आणि जिंकला. कॅथलिक असल्यामुळे सभागृहात बसू मात्र शकत नव्हता. पुढच्याच वर्षी टोरी सरकारला कायदा बदलावा लागला. हा एका पेनीचा हिशेब वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढे तो आपल्याला लागणार आहे.

या इतिहासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, नाहीतर अन्याय होईल. दोन पक्षांच्या पद्धतीने जगाला एक मोठी गोष्ट दिली. १८२६ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटमध्ये हॉबहाउस नावाच्या सभासदाने थट्टेत ‘राजेसाहेबांचा विरोधी पक्ष’ असा शब्दप्रयोग केला. सभागृह हसले, पण शब्द टिकला. राजाच्या सरकारला विरोध करणारा राजाचा शत्रू नसतो, तोही राज्याचेच काम करत असतो, ही कल्पना त्या थट्टेतून पक्की झाली. १९३७ पासून तिथे विरोधी पक्षनेत्याला सरकारी तिजोरीतून पगार मिळू लागला. आपल्या संसदेत तसा कायदा १९७७ मध्ये झाला. हरलेल्या माणसाला तुरुंगात न टाकता पगार देऊन समोर बसवणे, ही माणसाच्या इतिहासात साधी गोष्ट नाही. आमच्या गावाला जुनी माणसे टाळगाव चिखली म्हणतात. टाळाच्या दोन वाट्या एकमेकींवर आपटतात तेव्हाच नाद निघतो, आणि दोघींना बांधणारी दोरी एकच असते म्हणून त्या हातातून निसटत नाहीत. ती दोरी म्हणजे हा अलिखित करार : तू हरलास तरी तू आमच्यातलाच.

आता अमेरिकेकडे पाहू. जॉर्ज वॉशिंग्टनने १७९६ मध्ये निरोप घेताना देशाला पक्षांच्या भांडणापासून जपायला सांगितले होते. ऐकले कुणीच नाही. १८३० च्या दशकात तिथे डेमोक्रॅट आणि व्हिग असे दोन मोठे पक्ष झाले. दोघांचेही मतदार उत्तरेतही होते आणि गुलाम राबवणाऱ्या दक्षिणेतही. त्यामुळे गुलामगिरीचा विषय काढला की दोन्ही पक्षांचे घर फुटणार, हे दोघांनाही कळत होते. मग काय केले? १८३६ ते १८४४ या काळात तिथल्या प्रतिनिधिगृहाने नियमच केला, की गुलामगिरीविरुद्ध आलेले अर्ज चर्चा न करता बाजूला ठेवायचे. लाखो माणसे साखळदंडात होती आणि दोन पक्ष करांवर, बँकांवर हिरीरीने भांडत होते. हा विषय लावून धरला तो छोट्या, हरणाऱ्या पक्षांनी : १८४० ला लिबर्टी पार्टी, १८४८ ला फ्री सॉइल पार्टी. १८५४ मध्ये रिपब्लिकन पक्ष जन्मला, व्हिग पक्ष संपला, आणि १८६० मध्ये लिंकन चाळीस टक्क्यांहून कमी मते मिळवून अध्यक्ष झाला. पाठोपाठ चार वर्षांचे यादवी युद्ध. दोघांनी मिळून टाळलेला प्रश्न मरत नाही. तो व्याजासकट परत येतो.

पण मुळात दोनच का उरतात? मॉरिस द्युव्हर्जे या फ्रेंच अभ्यासकाने १९५१ मध्ये याचे कारण मांडले. एका मतदारसंघातून एकच उमेदवार निवडायचा आणि ज्याला सर्वांत जास्त मते तो जिंकला, असा नियम असला की हळूहळू लढत दोघांत उरते. शंभर मतदारांचे गाव धरा. एकाला ४५ मते, दुसऱ्याला ३५, तिसऱ्याला २०. पंचावन्न जणांना जो नको होता तोच जिंकला. पुढच्या वेळी त्या वीस जणांच्या मनात येते, की आवडता उमेदवार गेला खड्ड्यात, नावडत्याला तरी अडवू. ते पस्तीसवाल्याकडे सरकतात आणि तिसरा पक्ष वाळून जातो. ‘कुणाला पाडायचं’ हा आमच्या टपरीवरचा प्रश्न या नियमातूनच येतो. तो विचारणारा अडाणी नसतो. त्याला गणित नीट कळलेले असते.

महाराष्ट्रात स्वातंत्र्यानंतर बराच काळ लढत अशी दोघांची नव्हतीच. काँग्रेस नावाच्या एका मोठ्या छपराखालीच सत्ता आणि विरोध दोन्ही नांदत होते. या राज्याने दोन बाजूंची खरी लढत पाहिली ती १९५७ मध्ये. ६ फेब्रुवारी १९५६ ला पुण्यात संयुक्त महाराष्ट्र समिती स्थापन झाली. तिच्यात एस. एम. जोशींसारखे समाजवादी होते, डांग्यांसारखे कम्युनिस्ट होते, शेतकरी कामगार पक्ष होता, दादासाहेब गायकवाडांचे शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन होते, आचार्य अत्र्यांची लेखणी होती. आणि शाहीर अमर शेख होते. बार्शीचा हा मुसलमान शाहीर अण्णा भाऊ साठे आणि गव्हाणकर यांच्याबरोबर डफ घेऊन उभा राहिला की मैदान हलत असे. त्या सभांमध्ये कुणी शेखांना विचारले नाही, की तुम्ही कोणत्या बाजूचे. बाजू जन्माने ठरलेली नव्हती. मुंबईसह मराठी राज्य हवे की नको, एवढीच मधली रेघ होती, आणि ती रेघ ओलांडून कुणीही इकडे किंवा तिकडे जाऊ शकत होता. १९५७ च्या निवडणुकीत पश्चिम महाराष्ट्रात समितीने काँग्रेसला धूळ चारली. १ मे १९६० ला राज्य मिळाले. प्रश्न सुटला तशी रेघही पुसली गेली. १९६२ च्या निवडणुकीत काँग्रेसने २६४ पैकी २१५ जागा जिंकल्या. समितीचे घटक पांगले याची हळहळ पुष्कळांना वाटली. पण तिचे काम झाले होते.

त्याच सुमारास शेजारच्या गोव्यात दुसरे चित्र होते. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला आणि १९६३ च्या अखेरीस पहिली विधानसभा निवडणूक झाली. तीस जागांच्या सभागृहात काँग्रेसला एकच जागा मिळाली, तीही दमणची. बाकी सगळा खेळ दोन नव्या पक्षांचा. भाऊसाहेब बांदोडकरांचा महाराष्ट्रवादी गोमंतक पक्ष आणि डॉ. जॅक सिक्वेरांचा युनायटेड गोवन्स. मराठी भाषकांच्या परिसरात दोन पक्षांची पद्धत इतक्या स्वच्छ रूपात दुसरीकडे क्वचितच दिसली असेल. वरून पाहिले तर वाद होता महाराष्ट्रात विलीन व्हायचे की वेगळे राहायचे, मराठी की कोंकणी. पण मगोच्या मागे मुख्यतः हिंदू बहुजन, कुळे, कष्टकरी. युनायटेड गोवन्सच्या मागे मुख्यतः कॅथलिक. म्हणजे माणूस कुठल्या घरात जन्मला हे कळले की त्याचे मत बरेचसे कळले. जमीनदार आणि कूळ हा खरा झगडा त्या रेघेखाली होता, पण मतपत्रिकेवर तो धर्माच्या कपड्यांत आला.

मग १९६७ साली एक नवल घडले. १६ जानेवारीला विलीनीकरणाच्या प्रश्नावर सार्वमत झाले. ते निःपक्षपाती व्हावे म्हणून बांदोडकर सरकारने आधी राजीनामा दिला होता. फूल म्हणजे विलीनीकरण, दोन पाने म्हणजे वेगळा गोवा. फुलाला १,३८,१७० मते पडली, दोन पानांना १,७२,१९१. विलीनीकरण ३४,०२१ मतांनी पडले. पण काही आठवड्यांनीच, मार्चमध्ये विधानसभेची निवडणूक झाली, आणि तीत जिंकला तो विलीनीकरण मागणारा मगोच! बांदोडकर पुन्हा मुख्यमंत्री झाले.

लोक वेडे होते का? मुळीच नाही. त्यांना कुळांच्या बाजूचे सरकार हवे होते आणि गोवाही वेगळा हवा होता. दोन पक्षांनी या दोन गोष्टी एकमेकींविरुद्ध बांधून ठेवल्या होत्या. एक घ्यायची तर दुसरी सोडा. लोकांना जेव्हा प्रश्न सुटा करून विचारला गेला, तेव्हा त्यांनी सुटे उत्तर दिले. या एका उदाहरणातून आम्हांला जे शिकायला मिळाले ते असे : माणसाचे मन दोन पक्षांपेक्षा नेहमी मोठे असते. पक्ष त्याला दोन गाठोडी देतो आणि म्हणतो, यातले एक उचल. गाठोड्यात काय काय बांधले आहे ते सोडून पाहायला कुणी सांगत नाही.

तेव्हा पक्ष दोन आहेत की दहा, यापेक्षा मधली रेघ कुठून जाते हा प्रश्न महत्त्वाचा आहे. रेघ विचारातून गेली तर आज इकडे असलेला उद्या तिकडे जाऊ शकतो, आणि म्हणूनच दोन्ही पक्षांना त्याची मनधरणी करावी लागते. रेघ जन्मातून गेली तर माणूस कायमचा एका बाजूला अडकतो. मग एका पक्षाला त्याची गरज नसते आणि दुसऱ्याला त्याची काळजी नसते. आपल्या देशाने हा अनुभव १९०९ च्या स्वतंत्र मतदारसंघांपासून घेतला आहे. १९१६ च्या लखनौ करारात टिळक आणि जीना यांनी त्याच चौकटीत तडजोड शोधली होती. त्या रस्त्याच्या शेवटी काय होते ते वेगळे सांगायला नको. राज्यघटनेने ते मतदारसंघ बंद केले. कायद्यातली रेघ पुसली गेली. मनातली आणि बेरजेतली मात्र राहिली.

महाराष्ट्रात १९९० नंतर दोन आघाड्यांची लढत स्थिर झाली. १९९५ मध्ये शिवसेना-भाजप युतीचे सरकार आले, १९९९ पासून १५ वर्षे काँग्रेस-राष्ट्रवादीचे. पक्ष चार, पण मतदाराच्या दृष्टीने गाठोडी दोन. २०१९ मध्ये शिवसेना काँग्रेस-राष्ट्रवादीच्या बाजूला आली. २०२२ मध्ये शिवसेना फुटली, २०२३ मध्ये राष्ट्रवादी. २०२४ च्या विधानसभेला मतदारासमोर दोन शिवसेना आणि दोन राष्ट्रवादी होत्या, आणि निकालानंतर विरोधातल्या कोणत्याही एका पक्षाकडे २८८ पैकी एक दशांश, म्हणजे २९ जागाही नव्हत्या. आमच्या पिंपरी-चिंचवडचेच पाहा. १२८ जागांच्या महापालिकेत २०१२ मध्ये राष्ट्रवादीचे ८३ नगरसेवक होते, भाजपचे ३. २०१७ मध्ये भाजपचे ७७ झाले, राष्ट्रवादीचे ३६. पाच वर्षांत शहराचे विचार एवढे बदलले? त्या सत्त्याहत्तरांत कालपरवापर्यंत दुसऱ्या तंबूत असलेले कितीतरी चेहरे होते. नेत्याला रेघ ओलांडायला एक रात्र पुरते. मतदाराने मात्र पिढ्यान्‌पिढ्या एका बाजूला निष्ठेने उभे राहावे अशी अपेक्षा असते. हा व्यवहार इन्साफाचा आहे का?

आणि या निष्ठेचे मोल काय मिळाले? सच्चर समितीचा अहवाल २००६ मध्ये आला. महाराष्ट्र सरकारने २००८ मध्ये मेहमूदुर रहमान समिती नेमली, तिने २०१३ मध्ये अहवाल दिला. आघाडी सरकारने मुसलमानांसाठी पाच टक्के आरक्षणाचा अध्यादेश काढला तो जुलै २०१४ मध्ये, निवडणूक तीन महिन्यांवर असताना. सत्तेच्या पंधरा वर्षांतली चौदा उलटून गेल्यावर. नोव्हेंबर २०१४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने शिक्षणातले पाच टक्के चालू ठेवायला हरकत घेतली नाही. पण नव्या सरकारने त्याचा कायदा केला नाही आणि अध्यादेशाची मुदत संपली. २०१९ ते २०२२ या काळात पुन्हा आघाडीचे सरकार होते. तेव्हाही कायदा झाला नाही. आरक्षण हाच एक इलाज आहे का, यावर दुमत असू शकते, आमच्याच स्टाफरूममध्ये आहे. मुद्दा वेगळा आहे. एका बाजूने दिले नाही, कारण आपली मते तिला मिळणार नव्हती. दुसऱ्या बाजूने वेळेवर दिले नाही, कारण आपली मते तिला मिळणारच होती.

इथे आपल्याकडचे जाणते लोक एक जुना कायदा सांगतात : अहवनुल बलिय्यतैन. दोन संकटांपैकी एक पत्करणे भाग असेल तर हलके असेल ते पत्करावे. फिकहमधला हा नियम शहाणपणाचा आहे, आणि मतदानाच्या दिवसापुरता आम्हांलाही तो मान्य आहे. जो म्हणतो, ‘मी कुणालाच मत देणार नाही, माझे हात स्वच्छ,’ त्याला आम्ही वरचे ४५, ३५ आणि २० चे गणित दाखवू. घरी बसलेल्याचे मतही मोजले जाते, फक्त ते कुणाच्या तरी फायद्याचे म्हणून मोजले जाते. २०१३ पासून यंत्रावर ‘वरीलपैकी कोणीही नाही’ हे बटण आहे. २०१९ मध्ये लातूर ग्रामीण मतदारसंघात या बटणाला २७,५०० मते मिळून ते दुसऱ्या क्रमांकावर राहिले. नाराजी दिसली, आमदार मात्र जो व्हायचा तोच झाला.

पण हा नियम सांगताना त्याच्या अटी आपण विसरतो. एक, हा नियम मजबुरीचा आहे, आणि मजबुरी सरली की तोही संपतो. प्राण जाण्याची वेळ आली तर निषिद्ध अन्नाचीही मुभा आहे, पण जीव तगण्यापुरतीच; त्याची कुणी दावत घालत नाही. दोन, हलके संकट हेही संकटच असते. ते पत्करल्याने ते नेमत होत नाही. आणि तीन, दरवेळी तीच मजबुरी येत असेल, तर ती बदलण्यासाठी मधल्या काळात काय केले हा सवाल आपल्याला विचारला जाणारच. मतदानाचा दिवस एक. पुढच्या निवडणुकीपर्यंत अठराशेहून अधिक दिवस. एका दिवसाच्या नाइलाजाची सबब अठराशे दिवसांना कशी पुरेल? आमच्या मते जबाबदारीची जागा इथे आहे. मत नाइलाजाने दिले असेल तर त्या मताचा गुन्हा मोठा नाही. नंतर गप्प बसणे ही मात्र नाइलाजाची गोष्ट राहत नाही. ती निवड असते.

यावर कुणी म्हणेल, सर, हे मास्तरकीचे बोलणे झाले. बुलडोझर दाराशी उभा असताना तत्त्वज्ञान सुचत नाही. खरे आहे. भीती खोटी नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या चिखलीच्या कुदळवाडीत भंगाराची गोदामे, दुकाने, वर्कशॉप जमीनदोस्त झाली. तिथे धंदा करणाऱ्यांत आणि राबणाऱ्यांत मुसलमान मोठ्या संख्येने होते. कित्येकांचा रोजगार एका आठवड्यात गेला. भीतीतून एकत्र येणे तेव्हा स्वाभाविक होते. पण त्याच वर्षी मे महिन्यात त्याच चिखलीत इंद्रायणीच्या पूररेषेतले ३६ बंगले हरित लवादाच्या आदेशाने पाडले गेले. नोकरदार माणसांनी आयुष्याची पुंजी घालून बांधलेली घरे होती ती. त्यांच्या पाटीवरची नावे वेगळी होती. वर्कशॉपवाल्याच्या आणि बंगलेवाल्याच्या डोळ्यांतले पाणी मात्र एकसारखे होते, आणि त्यांचा प्रश्नही एकच होता : बांधकामे चालू होती तेव्हा सगळे कुठे होते? प्लॉट विकले कुणी, वीज जोडली कुणी, डोळे मिटले कुणी? हा प्रश्न दोघांपैकी कुठल्याही गाठोड्यात नाही. दोन वस्त्यांनी मिळून तो विचारला असता तर रेघ जन्मातून सरकून जमिनीच्या व्यवहारावर आली असती. १९५७ ला जसे घडले, तसे. तो विचारला गेला नाही, कारण एक वस्ती दुसरीची बातमी ‘त्यांची’ म्हणून वाचत होती. यात आपलीही वस्ती आली.

असे आणखी कितीतरी प्रश्न आहेत. चाकण-भोसरीच्या पट्ट्यातला कंत्राटी कामगार वर्षानुवर्षे कंत्राटीच राहतो, मग तो परभणीचा शेख असो की बीडचा मुंडे. मतदानाच्या दिवशी भरपगारी सुट्टी द्यावी असे लोकप्रतिनिधित्व कायदाच सांगतो. पण रोजंदारीवाल्याला विचारा, ती सुट्टी त्याला कितीला पडते. उर्दू शाळेत शिक्षकांच्या जागा रिकाम्या राहतात, आणि मराठी शाळांतही राहतात. हे प्रश्न कुठल्याही एका जमातीचे नाहीत म्हणून कुणाच्याच जाहीरनाम्याच्या पहिल्या पानावर येत नाहीत.

आता शेवटचा मुद्दा, आणि तो आपल्या घरातला आहे. आम्ही शिक्षक मतदानाच्या कामावर जातो. बोटाला शाई लावताना, नोंदवहीत सही घेताना पुष्कळ काही दिसते. रात्रपाळीहून थेट रांगेत आलेला कामगार दिसतो. आणि दाराबाहेर बायकोला ‘कितव्या नंबरचे बटण’ ते दोनदा बजावणारा नवराही दिसतो. सगळ्याच समाजांत दिसतो, पण आपल्याकडे त्याच्या जोडीला एक आदली रात्र असते. चार बुजुर्ग बसतात, अमक्याला द्यायचे ठरते, आणि ते मोहल्ल्यात फिरते. वेगळे मत असणाऱ्याला कुणी मारत नाही. पण ‘कौममध्ये फूट पाडतो’ एवढे म्हटले की त्याचे तोंड बंद होते. बाहेर आपण तक्रार करतो की आपल्याला दोनच पर्याय आहेत. घरात आपण आपल्याच मुलाला, आपल्याच बायकोला एकही पर्याय ठेवत नाही. आणि एकगठ्ठा म्हणून जो उभा राहतो, त्याला समोरचा गठ्ठा म्हणूनच मोजतो. गठ्ठ्याला कुणी त्याचे म्हणणे विचारत नाही.

उर्दूत विरोधी पक्षाला ‘हिज्बे इख्तिलाफ’ म्हणतात. इख्तिलाफ म्हणजे मतभेद; दुश्मनीला वेगळा शब्द आहे. इमाम शाफई हे इमाम मालिक यांचे शागिर्द, तरी कितीतरी मसल्यांत उस्तादापेक्षा वेगळे मत त्यांनी मांडले, आणि उस्तादाचा अदबही सोडला नाही. कोकणातला मुसलमान शाफई, घाटावरचा हनफी. एका सफमध्ये उभे राहतात, एकमेकांच्या घरी मुली देतात. दीनच्या मामल्यात ज्यांनी एवढा इख्तिलाफ पचवला, त्यांना वॉर्डाच्या निवडणुकीतला पचू नये?

म्हणून आम्हांला वाटते, दोन पक्षांच्या कोंडीतून सुटण्याचा रस्ता तिसऱ्या पक्षापासून सुरू होत नाही. कदाचित तिसरा येईल, कदाचित त्या दोघांतलाच एखादा बदलेल, ते पुढचे. सुरुवात होते ती आपले प्रश्न गाठोड्यातून सोडवून सुटे मांडण्यापासून. मोहल्ल्याने आदल्या रात्री उमेदवाराचे नाव ठरवण्याऐवजी सहा महिने आधी प्रश्नांची यादी ठरवावी. यादीत बायकांचे आणि नव्या मतदारांचे म्हणणे असावे. शेजारच्या वस्तीचेही असावे. ती दोन्ही पक्षांना एकाच दिवशी, सर्वांदेखत द्यावी, आणि निकालानंतर दर वर्षी जिंकलेल्याला तीच यादी पुन्हा वाचून दाखवावी. मत वाटेल त्याला द्यावे. आयर्लंडच्या गरिबांनी महिन्याला एक पेनी टाकली, म्हणजे वर्षातून बारा वेळा त्यांनी आपण आहोत याची आठवण करून दिली. आपण पाच वर्षांतून एकदा बोट दाखवतो आणि शाई वाळायच्या आत विसरतो.

आमच्या वर्गातली मुले तीन-चार वर्षांत मतदार होतील. ‘कुणाला पाडायचं’ हा प्रश्न त्यांना वारशात मिळणारच आहे, कारण भीतीला शाळेत नाव घालावे लागत नाही, ती घरूनच शिकून येते. त्यांना दुसराही प्रश्न विचारता यावा, ‘आम्हांला काय हवे आहे?’, आणि त्याचे उत्तर बापापेक्षा वेगळे आले तरी घरातली दस्तरखान एकच राहावी. एवढे झाले तर समोर दोनच उमेदवार असले तरी त्यांतल्या एकाला दिलेले मत नाइलाज राहणार नाही.